श्यांग यूच्या गावाला जावं का?

प्रश्न : ताई, माझा मुलगा नोकरीनिमित्त शांघायला असतो. एप्रिलमध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे राहायला जाणार आहोत. चीनचा प्राचीन योद्धा राजा श्यांग यू याच्याबद्दल मी पुष्कळ वाचलंय. त्याच्या जन्मगावी, सूच्येनला, त्याचं स्मारक आहे असं कळलं. मुलगा म्हणतो, "आई, तिथं सगळं नव्यानं बांधलेलं आहे, एवढ्या लांब कशाला जायचं?" खरंच जाऊ नये का?

उत्तर : जा. मुलाचं म्हणणं खोटं नाही. आवार मोठं आहे, अलीकडे वाढवलेलं आहे, दालनं आणि पुतळे आपल्याच काळातले. पण जुनं काही उरलं का नाही, हे आधी समजून घ्या, म्हणजे तिथं गेल्यावर हिरमोड होणार नाही. आज पीत नदी पार उत्तरेला वाहते, पण कित्येक शतकं, 1855 पर्यंत, ती सूच्येनवरून वाहत होती. तिचे पूर आणि तिचा गाळ यांनी हा सगळा मुलूख पुन्हा पुन्हा पुसून काढला. सोळाव्या शतकात तर पुरापायी गावच हलवावं लागलं. तिचं जुनं पात्र आजही शहरातून जातं, आणि स्मारक त्याच्या जवळच आहे. श्यांग यू जन्मला तेव्हा, इसवी सन पूर्व 232 मध्ये, इथं श्याश्यांग नावाचं गाव होतं. त्यातली एखादी भिंत आज सापडावी अशी अपेक्षा या जमिनीकडून करताच येत नाही.

आत गेलात की दोन गोष्टी शोधा. एक, 'श्यांगराजाचं मूळ गाव' एवढीच अक्षरं कोरलेला दगड. कांग्शी बादशहाच्या काळात, 1703 साली, तो उभारला गेला. दुसरं, एक जुनं झाड. ते श्यांग यूनं स्वतःच्या हातानं लावलं असं गावकरी सांगतात. मी त्यावर वाद घालत बसले नाही. एवढे पूर सोसलेल्या गावानं एका झाडाला त्याचं नाव देऊन ते जपलं, हेच मला फार मोलाचं वाटतं. नव्या पुतळ्यांसमोर फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते, त्या दगडापाशी मात्र तुम्हाला निवांत उभं राहता येईल.

आता मी 'जा' का म्हणते ते सांगते. या माणसाच्या आयुष्यातले दोन सगळ्यात मोठे निर्णय गावाच्या ओढीतून झाले, आणि दोन्हींनी त्याचा घात केला. इसवी सन पूर्व 206 मध्ये छिन साम्राज्याची राजधानी श्येनयांग त्याच्या हातात होती. चहूबाजूंनी डोंगर आणि खिंडी, सुपीक जमीन. इथंच राजधानी कर, असा सल्ला त्याला मिळाला होता. त्याला मात्र घरचे वेध लागले होते. वैभव मिळवून माणूस गावी परतला नाही, तर भरजरी कपडे घालून अंधारात हिंडल्यासारखंच ते, असं तो म्हणाला आणि पूर्वेला परतला. सल्ला देणारा बाहेर जाऊन बोलला, छू देशाची, म्हणजे श्यांग यूच्या मुलखाची, माणसं म्हणजे टोपी घातलेली माकडं. श्यांग यूनं त्याला उकळून मारलं. राजधानी केली ती फंगछंगला, म्हणजे आजच्या श्यूचौला. सपाट मुलूख, कुठूनही वेढता येणारा.

दुसरा निर्णय शेवटच्या दिवसाचा. इसवी सन पूर्व 202. गाइश्या इथं शत्रूनं घातलेल्या वेढ्यातून मोजके घोडेस्वार घेऊन तो वूच्यांग इथं नदीकाठी पोहोचला. तिथल्या चौकीचा प्रमुख होडी घेऊन तयार होता. पलीकडे जा, मुलूख लहान असला तरी राज्य करण्याजोगा आहे, असं त्यानं विनवलं. श्यांग यू म्हणाला, नदीपलीकडची आठ हजार पोरं घेऊन मी निघालो होतो, त्यातलं एकही परत आलेलं नाही. त्यांच्या आईवडिलांनी मला पदरात घेतलं तरी मी त्यांना तोंड कसं दाखवू? आपला लाडका घोडा त्यानं त्या प्रमुखाला देऊन टाकला, पायउतार होऊन लढला आणि स्वतःच्या हातानं मेला. वय जेमतेम तीस.

इथं एक बारकावा लक्षात ठेवा. नदीपलीकडचा मुलूख म्हणजे सूच्येन नव्हे. काका श्यांग ल्यांग याच्या हातून खून झाल्यावर दोघं दक्षिणेला, आजच्या सूचौच्या बाजूला, पळून गेले होते. सैन्य उभं राहिलं ते तिथं. म्हणजे सूच्येन हे त्याचं जन्माचं गाव, आणि ज्यांना तोंड दाखवायची त्याला लाज वाटली ती माणसं दुसरीकडची. मार्गदर्शक हे भराभर एकत्र करून सांगतात. तुम्ही वेगळं ठेवा.

जमलं तर श्यूचौला मुक्काम करा. शांघायहून वेगवान रेल्वेनं साधारण तीन तास, आणि पुढं 2019 च्या डिसेंबरपासून सूच्येनला वेगवान गाडी जाते, तासाभराच्या आत. श्यूचौमध्ये त्याचं घोड्यांच्या कवायतीचं टेकाड दाखवतात. तिथूनच पेई तालुक्यालाही जाता येईल. ज्यानं त्याला हरवलं आणि हान घराणं स्थापलं, त्या ल्यू बांगचं ते गाव. इसवी सन पूर्व 195 मध्ये तो बादशहा म्हणून गावी आला, जुन्या सवंगड्यांना बोलावून दारू पाजली, 120 पोरांना स्वतः रचलेलं गाणं शिकवलं, नाचला, रडला आणि गावाला करमाफी दिली. भरजरी कपडे घालून उजेडात हिंडणं त्याच्या वाट्याला आलं. दोन्ही गावं एकाच च्यांगसू प्रांतात आहेत. आधी पेई आणि मग सूच्येन, या क्रमानं पाहिलीत तर मला फार आनंद होईल.

प्रश्न : मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. श्यांग यू हरलेला आणि क्रूरही होता. अशा माणसाचं स्मारक जपणं योग्य आहे का?

उत्तर : क्रूर होताच. शिनआनला शरण आलेले दोन लाख छिन सैनिक त्यानं मारून पुरले, असं प्राचीन इतिहासकार सिमा च्येन लिहितो. श्येनयांगचे वाडे जाळले, ती आग तीन महिने विझली नाही. स्मारकाला भेट देताना हे दोन लाख विसरू नका. तीही कुणाची तरी पोरं होती, आणि त्यांच्या गावात त्यांच्या नावाचा दगड नाही.

पण सिमा च्येननं काय केलं ते पाहा. तो हान घराण्याच्या दरबारातला इतिहासकार, म्हणजे जिंकलेल्यांच्या पदरी असलेला. त्याच्या ग्रंथात 'मूळ वृत्तांत' हा विभाग राजघराण्यांसाठी आणि सम्राटांसाठी आहे. श्यांग यूनं सम्राटपद कधीच घेतलं नाही, तरी त्याला या विभागात स्वतंत्र प्रकरण मिळालं. छिन सैन्याशी झालेल्या च्यूलूच्या लढाईचं वर्णन वाचा. चांग नदी ओलांडल्यावर त्यानं होड्या बुडवल्या, स्वयंपाकाची भांडी फोडली, तळ जाळला, तीन दिवसांचा शिधा तेवढा ठेवला. परतीचे दोर कापून तो लढला आणि जिंकला. याच लेखणीनं शेवटी त्याला सुनावलंही आहे : मरताना तो म्हणतो, मला देवानं हरवलं, लढण्यात माझी चूक नव्हती, सिमा च्येन म्हणतो, हे साफ चुकीचं, स्वतःचा दोष त्याला अखेरपर्यंत दिसला नाही. गौरव आणि निवाडा एकाच प्रकरणात आहेत. मला तरी स्मारक असावं असंच वाटतं, आणि आत शिनआनचा उल्लेख ठळक अक्षरांत असावा असंही मनापासून वाटतं.

हार मानून नदी न ओलांडणं योग्य होतं का, यावर चीनमधल्या कवींचंही जमत नाही. थांग काळातला तू मू म्हणतो, अपमान गिळून परत जायला हवं होतं, कदाचित पुन्हा उभा राहिला असता. सुंग काळातली ली छिंगचाओ म्हणते, जगावं तर नरवीर म्हणून, मरावं तर भुतांमध्येही वीर ठरावं. तिच्या डोळ्यांसमोर उत्तर चीन शत्रूला सोडून दक्षिणेला पळालेला दरबार होता. मी तू मूच्या बाजूची आहे. परतला असता तर त्या आठ हजार घरांना निदान उत्तर द्यायला कुणीतरी गेलं असतं.

प्रश्न : सूच्येनच्या फेरीत वूच्यांगचं श्यांग यूचं देऊळही होईल का?

उत्तर : एका दमात नको. वूच्यांगचं देऊळ आन्हुई प्रांतात, 'ह' नावाच्या तालुक्यात, नानजिंगच्या बाजूला आहे. नानजिंगला गेलात तर तिथून वेगळा दिवस काढा. तिथली समाधी त्याच्या वस्त्रांची मानतात. देहाचे तुकडे ल्यू बांगच्या पाच माणसांनी बक्षिसासाठी वाटून घेतले होते आणि दफन उत्तरेला झालं.

रेल्वेचं तिकीट पासपोर्टवर निघतं, तो जवळ ठेवा. स्मारकाचं नाव 'श्यांगवांग गूली' चिनी अक्षरांत फोनवर ठेवलंत तर टॅक्सीवाल्याशी बोलावं लागणार नाही. पैसे बहुतेक ठिकाणी फोनवरूनच देतात, तेव्हा आपलं कार्ड तिथल्या अॅपला निघण्यापूर्वीच जोडून घ्या. ऑक्टोबरचा पहिला आठवडा राष्ट्रीय सुट्टीचा असतो, तो टाळा.