गाडी उलटते, तेव्हा नेमके काय मोडते?

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांकडून एक तक्रार थोड्याफार फरकाने वारंवार ऐकू येते. मूल गेममध्ये तासन्‌तास काहीतरी बांधत बसते, बांधलेले मोडले की रडारड आणि आदळआपट होते, आणि तरीही दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तेच करायला बसते. हे व्यसन आहे का आणि गेम काढून घ्यावा का, हे दोन प्रश्न त्यामागोमाग ठरलेलेच असतात. अशाच एका 13 वर्षांच्या मुलाबरोबर झालेल्या अनेक भेटींमधले मोजके संवाद येथे देत आहे. ओळख पटेल असे तपशील अर्थातच गाळले आहेत.

हा मुलगा 2008 साली प्लेस्टेशन 3 वर सुरू झालेल्या लिटल बिग प्लॅनेट या गेम-मालिकेतल्या लेव्हल एडिटरमध्ये, म्हणजे खेळाचे टप्पे स्वतः बांधण्याच्या सोयीत, रमला होता. तेथे लाकूड, धातू, दगड, रबर, स्पंज अशा पदार्थांचे हव्या त्या आकाराचे तुकडे घेऊन ते एकमेकांना जोडता येतात, आणि प्रत्येक पदार्थाचे वजन व पकड वेगळी असते. चाक फिरवण्यासाठी मोटर बोल्ट असतो, ज्याचा वेग आणि जोर आपण ठरवायचा असतो. बांधणी करताना काळ थांबवून ठेवता येतो. तो पुन्हा सुरू केला की गुरुत्वाकर्षण आपले काम करू लागते, आणि या मुलाच्या गाड्या नेमक्या त्याच क्षणी कोसळत किंवा उलटत.

त्याची आई पहिल्या भेटीत म्हणाली, “मॅडम, गाडी उलटली की हा स्वतःलाच ‘ढ’ म्हणतो आणि सगळं पुसून टाकतो. दोन-दोन तासांचं काम एका क्षणात!” गेमचे तास मोजण्यापेक्षा हे पुसून टाकणे मला अधिक महत्त्वाचे वाटले.

पुढे मी त्याला त्याची गाडी कागदावर काढायला सांगितली. चित्र देखणे होते: धातूचे उंच धूड, त्यावर दिवे, शिडी, एक तोफसुद्धा, आणि खाली दोन लहान चाके.

“नुसती पट्टी आणि चाकं लावून, वर काहीही न बांधता कधी चालवून पाहिलीस?”

“नाही. तेव्हा ती गाडी कुठे असते?”

“मग काळ सुरू केव्हा करतोस?”

“सगळं पूर्ण झाल्यावर.” थोडा वेळ तो पेन्सिलीशी चाळा करत राहिला आणि मग म्हणाला, “थांबलेला असतो ना, तेव्हा ती अगदी बरोबर असते.”

या वाक्यापाशी मी मुद्दाम रेंगाळते, कारण मुलाचा सारा प्रश्न त्यात आला आहे. ज्या गाडीची परीक्षाच झालेली नाही, ती गाडी निर्दोषच राहते, आणि म्हणून परीक्षा होता होईल तो लांबवायची. परंतु ती जितकी लांबते तितके अधिक काम पणाला लागते, आणि मग एका उलटण्यात केवळ गाडी नव्हे, तर दोन तासांचा बांधणाराही नापास ठरतो. निबंधाची वही हा शेवटच्या दिवसापर्यंत कोणालाही दाखवत नाही, असे आई जाता जाता बोलून गेली होती. माझी धारणा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचाराशी जुळणारी आहे: घटनेपेक्षा त्या घटनेविषयी आपण स्वतःला जे सांगतो, ते अधिक छळते. मात्र हे वाक्य 13 वर्षांच्या मुलाला ऐकवून काहीही साधत नाही. तसे करण्याचा मोह आवरता येणे हे मी माझ्या कामातले खरे कौशल्य समजते.

आम्ही एवढेच ठरवले की एक वस्तू जोडायची, काय होईल ते आधी वहीत लिहायचे आणि लगेच काळ सुरू करायचा. पहिली नुसती पट्टी जागची हललीच नाही. गेममध्ये वस्तू एकापुढे एक अशा थरांत ठेवता येतात; चाके आणि पट्टी एकाच थरात होती आणि ठेवताना एकमेकांना चिकटली होती, हे त्यानेच शोधून काढले आणि चाके पुढच्या थरात नेली. मग त्याने मोटरचा वेग पार वर नेला आणि गाडी मागच्या मागे पलटली. पुढच्या भेटीत तो वही घेऊन, मी न विचारताच सांगू लागला, “मोटर चाकाला एका दिशेने फिरवते, तेव्हा पट्टीला उलट दिशेने ढकलते. पट्टी हलकी होती, म्हणून उचलली गेली.”

“आणि तू ढ असल्याचा त्यात कुठे संबंध आला?”

तो हसला. “मी हुशार असतो तरी ती तशीच पलटली असती.”

मी यावर काहीही जोडले नाही. स्वतःला लावलेले विशेषण त्याने स्वतःच, स्वतःच्या पुराव्याने बाजूला ठेवले होते, आणि मी ते त्याच्याकडून काढून घेतले असते तर ते त्याच आठवड्यात परत आले असते.

पालकांना माझे सांगणे असे की घड्याळाइतकेच दोन चाचण्यांमधल्या अंतराकडेही पाहावे. जे मूल दर पाच मिनिटांनी चालवून पाहते, त्याचा राग सहसा लहान असतो. उपाय सुचवू नये, तयार गाडीचा व्हिडिओ पुढे करू नये, “तुला काय होईल असं वाटलं होतं?” एवढेच विचारावे आणि उत्तर खरोखर ऐकावे. मोडलेली गाडी पुसण्याआधी तिची एक प्रत जतन करायला लावावी. बंद करण्याची वेळही अर्ध्या जोडणीत न आणता “पुढची चाचणी झाली की बंद” अशी आधीच ठरवावी. एरवीच्या निम्म्या भांडणांचे मूळ मला येथेच दिसते.

व्यसनाविषयी म्हणायचे तर जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराची नोंद आहे, पण तिचे निकष कडक आहेत. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा गेमला प्राधान्य मिळत जाणे, आणि नुकसान होत असूनही खेळणे चालू राहणे किंवा वाढणे, असे चित्र सर्वसाधारणपणे किमान 12 महिने दिसावे लागते आणि त्यामुळे घर, शाळा, मैत्री यांत ठळक बिघाड व्हावा लागतो. लक्षणे तीव्र असतील तर इतका काळ थांबण्याची गरज नसते. या मुलाची झोप, मित्र आणि शाळा जागच्या जागी होती. जेथे ती तशी नसतील, तेथे कंट्रोलर लपवण्यात वेळ न घालवता मनोविकारतज्ज्ञांची भेट घ्यावी.