ग्राफिक डिझाइनसाठी नेमकी किती सॉफ्टवेअर शिकावी लागतात?

मुलीने बारावी दिलीय, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड आहे आणि कळव्यातल्या एका क्लासने फोटोशॉप, इलस्ट्रेटर, कोरल, इनडिझाइन, कॅनव्हा असं पाचांचं पॅकेज गळ्यात मारायला घेतलंय. हे सगळं लागतं का, असं तुम्ही विचारलंत. एकदम तर मुळीच नको. मी ठाण्यात, नौपाड्यात डीटीपी (कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर-पानं लावणं) आणि प्रिंटिंगचं काम करतो, तेव्हा उत्तर थोडं छपाईच्या बाजूने झुकेल.

नावं बाजूला ठेवा. काम शेवटी कुठे जाणार ते आधी बघा.

फोटोशॉप पिक्सेलवर चालतं, म्हणजे चित्रात जेवढे ठिपके तेवढाच तपशील. ए४ कागदावर ३०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके धरून, छापायचं तर २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवरून आलेला साहेबांचा फोटो सहसा याच्या जवळपासही नसतो, आणि तोच बॅनरवर सगळ्यांत मोठा हवा असतो! फोटो सुधारणं, मागची बाजू काढणं, रंग बदलणं ही फोटोशॉपची कामं. फुकटात हवं तर गिंप आहे.

इलस्ट्रेटर, कोरलड्रॉ आणि फुकटातलं इंकस्केप ही व्हेक्टरची मंडळी. ती ठिपके नाही, रेषेचं गणित साठवतात. त्यामुळे लोगो व्हिजिटिंग कार्डावर असो की घोडबंदर रोडच्या होर्डिंगवर, कड स्वच्छच राहते. फोटोशॉपमध्ये केलेला लोगो आमच्याकडे आला की आम्ही तो परत ट्रेस करतो, म्हणजे रेषांवरून व्हेक्टरमध्ये नव्याने काढतो, आणि त्याचे वेगळे पैसे लावतो.

इलस्ट्रेटर १९८७चं, कोरलड्रॉ १९८९चं. जाहिरात एजन्सीत इलस्ट्रेटर चालतं. फ्लेक्स, लग्नपत्रिका, स्टिकर यांच्या दुकानांत अजून कोरलच. गणपतीच्या आधी कुठल्याही फ्लेक्सवाल्याकडे फाइल न्या, तो पहिलं विचारेल, ‘कर्व्ह केलंय का?’ म्हणजे अक्षरांचे आकार करून टाकलेत का? आपल्याकडे श्रीलिपीसारखे युनिकोड (सगळ्या मशीनवर चालणारी अक्षरांची ठरलेली पद्धत) नसलेले फॉन्ट खूप वापरतात. त्याच्या मशीनवर तोच फॉन्ट नसला तर मंडळाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. म्हणून कोरलमध्ये कंट्रोल-क्यू दाबून अक्षरांचे आकार करून टाकायचे. मग मजकूर मात्र बदलता येत नाही, त्यामुळे मूळ फाइल वेगळी ठेवायची. कोणाच्या तरी नावाआधी ‘मा.’ राहिलं म्हणून कार्यकर्ते रात्री परत येतातच.

इनडिझाइन पानं लावण्यासाठी: स्मरणिका, दिवाळी अंक, पुस्तक. त्यात मराठीसाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर ही मजकूर जुळवायची सेटिंग निवडावी लागते, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. एका पोस्टरसाठी हे शिकायची गरज नाही. ॲपचे स्क्रीन करायचे असतील तर फिग्मा; ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत नोकरी डोक्यात असेल तर तेव्हा बघा. कॅनव्हा म्हणजे तयार साचे. एका रविवारी ती स्वतः शिकेल, त्याची फी कसली देता?

तुमच्या यादीत चित्र काढण्याचं सॉफ्टवेअरच नाही, आणि मुलगी तर चित्रं काढते. क्रिटा फुकट आहे. साधा पेन टॅब्लेट घेऊन द्या आणि तिला घरी रंगवू द्या. प्रोक्रिएटही छान, पण त्याला आयपॅड लागतो, तेवढ्यासाठी घेऊ नका. जोडीला इलस्ट्रेटर किंवा इंकस्केप, आणि त्यातही पेन टूल, म्हणजे वळणदार रेषा काढायचं साधन. तो हातात बसला की कोरल फार जड जात नाही. फोटोशॉप त्यानंतर.

क्लासला पैसे भरण्याआधी विचारा, सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे रंग), ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून बाहेर वाढवलेली जागा) आणि कर्व्ह शिकवता का? आणि मुलांनी केलेलं, खरोखर छापून आलेलं काही दाखवा म्हणा. फक्त स्क्रीनवरचं दाखवत बसले तर नौपाड्यात, स्टेशनजवळ एखाद्या प्रेसमध्ये तिला सुट्टीभर बसू देतात का ते बघा. पगार मिळणार नाही बहुतेक, पण फीही द्यावी लागणार नाही.