गॅरेज वाढवा, पण टॉप-अप कर्ज काढून नको

प्रश्न : मी नाशिकला राहतो, वय ४४. सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, हातात ९५ हजार येतात. पत्नी घर सांभाळते, मुलगी यंदा दहावीला आहे. जुन्या गाड्या दुरुस्त करायचा मला नाद आहे. एक प्रीमियर पद्मिनी चालती केली, आता मारुती ८०० उघडून ठेवली आहे. बंगल्याशेजारचं गॅरेज १० बाय १८ फुटांचं आहे, ते १८ बाय ३० करायचं आहे. १० फूट उंचीची शेड, कोबा, गाडी उचलायची टू-पोस्ट लिफ्ट आणि कॉम्प्रेसर मिळून ९ लाखांचं कोटेशन आलं आहे. गृहकर्जावर ८ लाखांचा टॉप-अप मिळतोय, साडेनऊ टक्क्यांनी, १० वर्षांसाठी. मूळ कर्ज ३९ लाख बाकी आहे, साडेआठ टक्क्यांचं, हप्ता ३९ हजार. की २०२१ मध्ये घेतलेल्या दोन पॉलिसी मोडू? कर्ज हवं तर त्या घ्याव्याच लागतील, असं तेव्हा मॅनेजर म्हणाले होते. वर्षाला दीड लाख भरतो. विमा १५ लाखांचा आहे, २०३६ मध्ये ३२ लाख मिळतील असं सांगितलं आहे. आज मोडल्या तर साडेचार लाख येतात. एफडी ६ लाखांची आहे. रविवारी बाहेरच्या दोन गाड्या घेतल्या तरी महिन्याला २४ हजार सुटतील. गेल्या वर्षी शुगरची गोळी सुरू झाली, बाकी तब्येत ठणठणीत. काय करू?

उत्तर : नमस्कार. टॉप-अप घेऊ नका. गॅरेजबद्दल शेवटी लिहितो, कारण तुमचं पत्र वाचताना माझी नजर गॅरेजवर नव्हे, त्या १५ लाखांवर अडकली.

वाईट विचार आहे, पण करायलाच हवा. उद्या तुम्ही नसलात तर विम्याचे १५ लाख येतील आणि सगळेच्या सगळे कर्जात जातील. तरी २४ लाख बाकी राहतील. टॉप-अप घेतला असेल तर ३२ लाख. दोन्ही हप्ते मिळून महिन्याला ४९ हजार. विम्याचे पैसे बँकेत न भरता हातात ठेवले, तर ते आणि एफडी मिळून २१ लाख. त्यातून हप्ते आणि घरखर्च चालवला तर दोन वर्षंही निघणार नाहीत. तुमची मुलगी तेव्हा बारावीला असेल. तुम्ही पत्रात विम्याचा आकडा जाता जाता लिहिलात. माझ्या लेखी तोच खरा प्रश्न आहे.

गरज किती ते ढोबळमानाने पाहू. कर्ज ३९ लाख. घरखर्च महिन्याला ४३-४५ हजार, म्हणजे १५ वर्षांचे ८० लाख. मुलीच्या शिक्षणाला २० लाख. झाले १ कोटी ४० लाख. म्हणून दीड कोटीचा शुद्ध टर्म इन्शुरन्स घ्या, वयाच्या ६० पर्यंतचा. म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे मिळतात, नाहीतर काही परत येत नाही, असा विमा. निरोगी माणसाला या वयात वर्षाला तीस-पस्तीस हजार पडतात. तुमच्या गोळीमुळे चाळीस-पंचेचाळीस धरा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी गेला आहे, तेवढा हातभार आहे. गोळीचं फॉर्ममध्ये स्पष्ट लिहा. एजंट ‘एवढं काय त्यात’ म्हणाला तरी लिहा. लपवलेली गोळी पुढे बायकोचा क्लेम अडवू शकते. आणि हे याच महिन्यात करा. शुगर नियंत्रणात असताना मिळणारा विमा दोन वर्षांनी याच दरात मिळेल, किंवा मिळेलच, हे कुणीही सांगू शकत नाही.

फॉर्म भरतानाच पॉलिसी ‘एमडब्ल्यूपी’खाली, म्हणजे १८७४ च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली घ्या. मग ती रक्कम पत्नीची आणि मुलीची असते, देणेकरी तिच्यावर हात टाकू शकत नाहीत. पॉलिसी निघाल्यावर ही सोय करता येत नाही. गॅरेजच्या निमित्ताने धंद्यात पाय टाकू पाहणाऱ्या माणसाला तर ती हवीच.

आता त्या दोन पॉलिसी. कर्ज हवं तर विमा घ्यावाच लागेल, हे तुम्हाला सांगितलं गेलं ते साफ खोटं होतं. असा कोणताही नियम नाही. पंधरा वर्षांत साडेबावीस लाख भरून ३२ लाख म्हणजे परतावा सव्वाचार टक्के, आणि त्यातला बोनस, म्हणजे कंपनीच्या नफ्यातला वाटा, तोही हमीचा नाही. तुम्ही स्वतः साडेआठ टक्क्यांनी कर्ज फेडताय आणि शेजारच्या खिडकीवर सव्वाचार टक्क्यांनी पैसे ठेवताय. हे विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. घरासाठी कर्ज घ्यायला आलेल्या माणसाला खरा विमा द्यायचा सोडून त्यांनी कमिशनची पॉलिसी गळ्यात मारली.

साडेसात लाख भरून साडेचार हातात, म्हणजे तीन लाख गेले. वाईट वाटेल, पण पुढचा हिशोब मागच्या नुकसानीवर करायचा नाही. आजचे साडेचार लाख आणि यापुढचे दीड-दीड लाख गृहकर्जात भरले, तर दहा वर्षांत साडेआठ टक्क्यांनी त्यांचे ३४ लाख होतात. पॉलिसी चालू ठेवली तर ३२, तेही बोनस मिळाला तर. तेव्हा मोडा. मात्र टर्म पॉलिसी हातात आल्यावरच मोडा, आधी अजिबात नाही. वैद्यकीय तपासणीत काही अडलं तर ते १५ लाखच तुमचा आधार असतील, आणि मग सगळा विचार नव्याने करावा लागेल. मोडून आलेले साडेचार लाख गॅरेजमध्ये नकोत, कर्जात भरा.

रविवारच्या २४ हजारांबद्दल. आठ गाड्या गुणिले तीन हजार मजुरी, हे कागदावर ठीक आहे. पण आजवर एकाही गिऱ्हाइकाकडून मजुरी घेतल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. टॉप-अपचा हप्ता सव्वादहा हजार. तो, गृहकर्ज आणि पॉलिसीचे साडेबारा हजार वजा करता हातात ३३ हजार उरतात आणि घरखर्च ४३ चा. म्हणजे न कमावलेल्या पैशावर घर चालवायचं ठरवताय. दहा वर्षांत त्या ८ लाखांचे साडेबारा लाख भराल. शिवाय घरगुती मीटरवर धंदा सापडला तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते, आणि साइड मार्जिनमध्ये, म्हणजे बंगला आणि कुंपण यांच्यामधल्या मोकळ्या जागेत, पक्कं बांधकाम महापालिकेच्या परवानगीशिवाय चालत नाही. कोटेशन देणाऱ्याने यातलं काही सांगितलं होतं का?

तरी गॅरेज करा. मनापासून सांगतो, कारखान्यात आठवडाभर राबणाऱ्या माणसाने आपल्या आवडीवर खर्च करायलाच हवा. फक्त कर्जाने नको. पॉलिसीचा हप्ता थांबला की त्या दीड लाखातून टर्मचे ४५ हजार जाऊन वर्षाला लाखभर सुटतात. दोन वर्षं ते कर्जात न भरता गॅरेजसाठी ठेवा, त्यानंतर मात्र कर्जातच. परवानगी काढून साधी पत्र्याची शेड आणि कोबा एवढंच करा. कॉम्प्रेसर जुना चालेल, लिफ्टऐवजी चांगला जॅक आणि चार भक्कम स्टँड. एफडीला हात लावू नका.

आणि शेड १० फुटांची करू नका. लिफ्टवर गाडी सहा फूट वर गेली आणि गाडीची उंची पाच फूट, झाले अकरा. त्या कोटेशनमधली लिफ्ट त्या शेडमध्ये पूर्ण वर गेलीच नसती. खांब सुरुवातीलाच साडेबारा फुटांचे घ्या आणि लिफ्टच्या जागी काँक्रीट जाड टाका, किती ते लिफ्टवाल्याकडून लिहून घ्या. म्हणजे पुढे कधी लिफ्ट घेतलीत तर पत्रा उचकटावा लागणार नाही.