उत्तर: डायल बदलल्यावर स्पीडोमीटर जास्त वेग का दाखवतो

आपल्या काकांनी इंग्लंडहून आणलेल्या पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ ला मैलांच्या काळ्या डायलऐवजी किलोमीटरची पांढरी डायल बसवून घेतल्यापासून तिचा स्पीडोमीटर मोबाइलच्या जीपीएसपेक्षा प्रत्येक वेगाला दहा-बारा किलोमीटर जास्त दाखवतो, असे आपण लिहिले आहे. अशाच गाडीवर हेच दुखणे मी काढलेले आहे. मीटरचा संच डॅशबोर्डमधून कसा काढायचा हे आपल्याला ठाऊक असेलच. म्हणून थेट काट्याकडे वळतो.

या गाडीचा स्पीडोमीटर केबलवर चालतो. केबल एक चुंबक फिरवते, ते चुंबक ॲल्युमिनियमच्या वाटीला स्पर्श न करता आपल्याबरोबर ओढू पाहते आणि केसासारखी बारीक स्प्रिंग वाटीला मागे खेचते. या ओढाताणीत वाटी जिथे स्थिरावते, तिथे काटा वेग दाखवतो. गाडी उभी असताना काटा खिळीला टेकलेला असतो, परंतु ती त्याची खरी विश्रांतीची जागा नव्हे. खिळी नसती तर तो आणखी खाली गेला असता. म्हणून काटा काढण्याआधी तो अलगद उचलून खिळीपलीकडे सोडावा आणि जिथे थांबेल त्याच्या समोर खूण करावी. ही खूण डायलवर नव्हे, तर बाहेरच्या कडेवर चिकटपट्टी लावून करावी, कारण डायल तर निघूनच जाणार आहे. नवी डायल लावल्यावर काटा त्या खुणेवर बसवून मगच खिळीच्या अलीकडे आणावा.

सोलापुरातल्या ज्या दुकानात मी गाडी दिली होती (नाव घेत नाही), तिथे खूण वगैरे काही न करता पेचकसाने काटा उपटला गेला आणि नव्या डायलवर तो थेट खिळीला टेकवून दाबला गेला. मोहोळच्या दिशेने पुणे रस्त्यावर गाडी काढली, तेव्हा जीपीएसवर ८० असताना काटा ९० च्या पुढे होता. तक्रार केली तर आधी "जीपीएसचा काय भरवसा?" असे उत्तर मिळाले आणि नंतर "तुम्ही टायर मोठे टाकले असतील" असे. टायर मोठे असतील तर मीटर कमी वेग दाखवतो, जास्त नव्हे, एवढे तरी मीटरचे काम करणाऱ्याला कळायला हवे होते. शेवटी त्यांनी स्प्रिंगच वाकवून ५० चा आकडा जुळवून दिला; त्यानंतर १०० ला वेगळीच चूक दिसू लागली आणि काटा मध्येच अडकू लागला. डायलचे पैसे किरकोळ होते. खरा खर्च झाला तो दुसरा स्पीडोमीटर मिळवताना.

आपल्या गाडीत फरक सर्व वेगांना सारखाच आहे, म्हणून माझ्या मते काटाच चुकीच्या जागी बसला आहे. वेगाबरोबर फरक वाढत गेला असता, तर टायर किंवा चुंबकाकडे पाहावे लागले असते. स्प्रिंगला कोणालाही हात लावू देऊ नका. काटा काढताना चहाच्या दोन चमच्यांच्या टोकांना कापड गुंडाळून ते मधल्या टोपीखाली समोरासमोर घालावेत आणि एकाच वेळी सरळ वर उचलावेत. एका बाजूने जोर दिला की आस वाकते. मी मेकॅनिक नाही, आणि मोटरवर चालणाऱ्या नव्या मीटरांना यातले बरेचसे लागू पडत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

चिकटवण्याच्या डायल मी तरी घेणार नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात काच लावून उभ्या गाडीत गोंद सैल होतो, कडा उचलते आणि काट्याला घासू लागते. पांढरी डायल रात्री डोळ्यांवर येते, हे माझे वैयक्तिक मत समजा.

डायल किलोमीटरची झाली तरी आतला आकडेमोजक (एकूण धाव दाखवणारा ओडोमीटर) मैलच मोजत राहतो. गाडी विकताना तो आकडा १.६०९ ने गुणून खरेदीदाराला लेखी द्यावा.