झाडीपट्टीच्या मंचासाठी पहिला कॅमेरा

प्रश्न : दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) मंडई भरते आणि रात्रभर नाटक चालतं. मोबाइलवर काढलेल्या फोटोंत नटांचे चेहरे पांढरेफटक येतात, हात हलला की पुसट. धान विकून २५ हजार बाजूला ठेवलेत. दुकानदार म्हणतो, नवा डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आणि दोन लेन्सचा संच हप्त्यावर घे. काय करू? मिररलेस (बिनआरशाचे) कॅमेरे आल्यावर डीएसएलआर घ्यावा तरी का?
– एक वाचक, लाखांदूर तालुका, जि. भंडारा

उत्तर : भाऊ, हप्त्याच्या भानगडीत पडू नका. त्या संचात बहुधा १८-५५ आणि ५५-२५० मिलिमीटर अशा लेन्स असतील; आकडा मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं. दिवसा, शंकरपटाला (बैलांच्या शर्यतीला), दुसरी लेन्स उत्तम. रात्रीच्या मंचावर मात्र दोन्ही अपुऱ्या पडतात. १८-५५ लेन्स ५५ वर नेली की तिचं तोंड एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा लहान तितकं तोंड मोठं). ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स तिच्या नऊ-दहा पट उजेड आत घेते. म्हणजे जिथं पहिलीला १/२० सेकंद लागतो, तिथं हिला १/२०० पुरतो. तलवार उगारलेला हात स्पष्ट येतो तो यामुळंच.

म्हणून जुनी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घ्या आणि तिच्यावर ही ५०ची लेन्स. कॅननची ७५०डी मिळाली तर बघा. २०१५ची आहे, पण तिचे १९ही फोकस बिंदू क्रॉस जातीचे (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखणारे) आहेत, अंधारात पटकन पकडतात. लेन्स 'एसटीएम' लिहिलेलीच घ्या. तिच्या आधीच्या ५०ची फोकस फिरवणारी मोटर आवाज करते, आणि करुण प्रसंगात सगळा मांडव गप्प असताना ती घरघर शेजाऱ्यालाही ऐकू जाते.

निकॉन घेतलात तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. माझा पहिला कॅमेरा डी३२०० होता. दुकानदारानं त्यावर ५०ची 'एएफ-डी' लेन्स दिली, एक शब्द न सांगता. त्या लेन्समध्ये मोटर नसते आणि त्या बॉडीतही नाही, त्यामुळं ऑटोफोकस होतच नाही. वडशाच्या नाटकात, मुलगा आईच्या पायावर पडतो त्या प्रवेशात, मी हातानं रिंग फिरवत राहिलो. घरी येऊन पाहिलं तर आईच्या डोळ्यांऐवजी मागचा पडदा स्पष्ट आलेला. तो प्रवेश मला पुन्हा मिळाला नाही. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीसाठी 'एएफ-एस' लिहिलेली ५०ची लेन्सच मागा.

जुनी लेन्स घेताना अंधाऱ्या खोलीत जा, तोंड पूर्ण उघडं ठेवून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले की ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती वाढतच जाते, लेन्स परत करा. दोन-चार धुळीचे कण चालतील. बॉडी तपासायला एफ/१६ वर आभाळाचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर (चित्र टिपणाऱ्या पट्टीवर) धूळ आहे, ती साफ होते. बॅटरी फुगलेली नको.

मिररलेसचं म्हणाल, तर कंपन्यांचं लक्ष तिकडंच आहे, हे खरं. पण त्यामुळंच जुने डीएसएलआर आपल्या हाती येताहेत. उद्या कॅननचा मिररलेस घेतलात तरी कॅननची ही एसटीएम लेन्स अडॅप्टरवर (मधल्या जोडकडीवर) ऑटोफोकससकट चालते.

आता चेहरे पांढरे का येतात ते. मागं काळा पडदा, पुढं रंग लावलेला चेहरा, त्यावर दिव्याचा झोत. कॅमेरा काळोखाला बघून उजेड वाढवतो आणि चेहरा जळतो. एक्स्पोजर (फोटोचा उजेड) एक पायरी खाली आणा, रॉ मध्ये (नंतर सुधारता येणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १६०० ते ३२०० ठेवा. फोटोत दाणे आले तरी चालतील.

बसायला मंचापासून वीसेक फुटांची जागा धरा. कॅननच्या या बॉडीवर तिथून उभा माणूस आडव्या चौकटीत जेमतेम मावतो. अगदी मधोमध बसू नका, माईक तोंडासमोर येतो. जरा बाजूला सरका. फ्लॅश मारू नका, नटाच्या डोळ्यांवर अंधारी येते आणि वाक्य तुटतं. आणि नाटक सुरू व्हायच्या आधी रंगपटात जाऊन कंपनीच्या मॅनेजरला विचारून घ्या.