सगळं पोटावरच का येतंय?

"मॅडम, खायला लागले, वजन वाढलं, तुम्ही सगळ्यांनी सांगितलं तसं केलं. पण हात अजून काड्यांसारखेच आणि पोट तेवढं पुढं आलंय. हे असंच राहणार असेल तर आजारी होते तेच बरं होतं."

खाण्याच्या विकारातून सावरणाऱ्या बहुतेकांच्या तोंडून हे वाक्य कधी ना कधी येतंच. कोणी रडत म्हणतं, कोणी चिडून. एक कॉलेजातला मुलगा काहीच बोलला नव्हता, पूर्ण वेळ टी-शर्ट पोटापासून लांब ओढून धरून बसला होता. या प्रश्नाचं उत्तर मी एका मुलीच्या अनुभवातून देते. तिला विचारूनच लिहितेय. नाव, गाव, शिक्षण बदललं आहे. वजनाचे आकडे आणि ती काय किती खायची ते मुद्दामच सांगत नाही, कारण या आजारातलं माणूस असे आकडे वाचतं आणि मनातल्या मनात त्यांच्याशी शर्यत लावतं.

तिला मृण्मयी म्हणू. वय 20. घरची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग, शिक्षणासाठी नाशिकला कॉलेज रोडजवळ आत्याकडे राहायची. आत्या तिला घेऊन आली ती दिवाळीच्या तोंडावर. नवरात्राचे उपवास दसऱ्याला सुटायला हवे होते, ते सुटलेच नाहीत. त्याआधी संकष्टी होती, एकादशी होती, मग सोमवार आले, मग गुरुवार. घरात उपवासाचं कौतुकच होत होतं, त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही. पहाटे कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर मोजून फेऱ्या. आत्याच्या कपाटातलं पोट साफ व्हायचं चूर्ण रोज रात्री, गुपचूप. सात महिने पाळी नव्हती, अंगावर बारीक लव आली होती आणि ऑक्टोबरच्या उकाड्यातही तिला स्वेटर लागत होता.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. हे काम मी एकटी करत नाही आणि कुठल्याच समुपदेशकानं करू नये. फिजिशियन, मनोविकारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि मी, असे आम्ही चौघं होतो. बराच काळ उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर खाऊ घातलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्यानं खाली येऊ शकतं आणि हृदयाला धोका होतो. म्हणून पहिले काही आठवडे रक्ततपासण्या आणि डॉक्टरांची नजर लागते. "आता खा गं बाई पोटभर" असं म्हणून घरीच सुरुवात करायची ही गोष्ट नाही.

ते पहिले आठवडे पार पडले. खाणं हळूहळू वाढलं, चूर्ण डॉक्टरांच्या सांगण्यानुसार बंद झालं. आणि खरी परीक्षा तिथून सुरू झाली, कारण शरीर बदलायला लागलं.

इथे माझी एक चूक सांगते. साधारण दीड महिन्यानं ती आत आली आणि मी मनापासून म्हणून गेले, "आज चेहऱ्यावर तेज आलंय." पुढचे दोन आठवडे ती आलीच नाही. आत्याला फोन केल्यावर कळलं, त्या दिवसापासून रात्रीचं जेवण बंद. तिच्या कानांना ते "गाल भरले" असं ऐकू आलं होतं. इतकी वर्षं हे काम करूनही ते वाक्य माझ्या तोंडून गेलं याचं मला आजही वाईट वाटतं. ती परत आल्यावर मी तिची माफी मागितली. तेव्हापासून सावरणाऱ्या माणसाच्या दिसण्याबद्दल मी चांगलंही बोलत नाही.

मग संक्रांत आली. आत्याकडे हळदीकुंकू होतं. मृण्मयीनं काळी साडी काढली. तिच्यावरचा ब्लाउज ती सगळ्यात बारीक होती तेव्हा शिवलेला. हूक लागेना. बाथरूममध्ये अर्धा तास बसून शेवटी कुर्ता घालून ती बाहेर आली, तर दारातच एक काकू म्हणाल्या, "अगबाई, तब्येत छान सुधारली हो हिची!"

काकूंचा हेतू वाईट नव्हता. पण आपली भाषा बघा. "तब्येत" म्हणजे आपल्याकडे आरोग्य आणि तब्येत म्हणजेच अंगकाठी. अंग धरलंस, भरलीस, बाळसं आलंय, हे सगळं आपण मायेनंच बोलतो. निरोगी मुलीला ते कदाचित सुखावेलही. मृण्मयीला त्यात एकच शब्द ऐकू येतो, आणि आजार तो शब्द रात्रभर तिच्या कानात म्हणत राहतो.

दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर बसली आणि वर लिहिलेलं ते वाक्य बोलली. त्यानंतर बराच वेळ आम्ही तिच्या पोटाबद्दलच बोललो. मी विषय टाळला नाही. "असं काही नाही गं, छान दिसतेस" हे उत्तर सगळ्यांनी देऊन झालं होतं आणि तिचा त्यावर विश्वास नव्हता. ठेवावा तरी का? पोट खरंच पुढं आलेलं होतं.

त्याला कारणं होती. पहिलं म्हणजे जठराचं काम. महिनोन्‌महिने कमी खाल्लं की जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतो, आतडीही सुस्तावतात. दोन घास जास्त झाले की पोट टम्म होतं, गॅस धरतो, शौचाला होत नाही. नियमित खात राहिलं की हे बहुतेकांचं काही आठवड्यांत सुधारायला लागतं. गंमत अशी की पोट फुगतं म्हणून खाणं कमी केलं तर तेच दुखणं लांबतं. दुसरं कारण पाणी. उपासमारीनंतर खाणं सुरू झालं की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, आणि जुलाबाचं औषध किंवा उलट्या थांबल्यावर तर आणखीच. घोट्यावर मोज्यांचे वळ उठतात, सकाळी डोळे सुजल्यासारखे दिसतात, काट्यावर दोन दिवसांत आकडा उडी मारतो. ती चरबी नसते. (सूज पटकन वाढली, दम लागला, छातीत धडधडलं तर मात्र वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं.)

तिसरं कारण तिला सगळ्यात जड गेलं. वजन परत येताना चरबी सुरुवातीला हातापायांपेक्षा धडावर, पोटाभोवती जास्त जमा होते. अ‍ॅनोरेक्सियातून, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवण्याच्या या विकारातून, सावरणाऱ्या स्त्रियांमध्ये हे मोजून पाहिलेलं आहे. वजन पुरेसं वाढून तिथं टिकलं तर पुढं ही वाटणी बदलते, पण त्याला महिने लागतात, अनेकींना वर्ष किंवा त्याहून जास्त. मधेच खाणं तोडलं तर शरीर परत पहिल्या पायरीवर जातं.

"म्हणजे पोट जाईल ना?" तिनं लगेच विचारलं.

मी हो म्हणाले नाही. ते वचन मी कुणालाच देत नाही. शेवटी तिचं शरीर कोणत्या आकारावर स्थिरावेल ते मला ठाऊक नाही, आणि पोट जावं म्हणून बरं व्हायचं ठरवलं तर आजारानं नुसता वेश बदलला असं होईल. तिला राग आला. ती बॅग उचलून उभी राहिली, पण गेली नाही.

तेव्हा मी तिला अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातला प्रयोग सांगितला. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, उपासमार झालेल्या लोकांना परत कसं खाऊ घालायचं हे डॉक्टरांना शिकायचं होतं. 1944-45 मध्ये अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं 36 निरोगी तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. हे सगळे स्वतःहून आलेले, सद्सद्विवेकापायी युद्धावर जायला नकार दिलेले. त्यांचं सुमारे पाव वजन गेलं. आणि त्यांचं मन? दिवसभर जेवणाचेच विचार, पाककृतींची पुस्तकं जमवणं, ताटातला घास पुरवून पुरवून खाणं, चिडचिड, उदासी. ज्यांना कधीच खाण्याचा विकार नव्हता त्यांची ही अवस्था. पुन्हा खायला मिळाल्यावर त्यांच्याही अंगावर आधी चरबी आली, स्नायू मागून. काही काळ चरबी पहिल्यापेक्षा जास्त झाली आणि पुढच्या महिन्यांत हळूहळू मूळपदावर आली.

मृण्मयी हे फार लक्ष देऊन ऐकत होती. "म्हणजे रात्री रेसिपीचे व्हिडिओ बघत बसते ते..." एवढंच म्हणाली आणि तिला हुंदका आला. एवढे दिवस तिला वाटत होतं की ती हावरट आहे.

पण माहितीनं सगळं होत नाही. हे सगळं समजूनही ती रोज सकाळी आजीची पाटली दंडाकडे सरकवून बघायची. कोपरापर्यंत चढली तर दिवस चांगला, मधे अडली तर नाश्ता रद्द. ही तिची मोजपट्टी. प्रत्येकाची वेगळी असते: जुनी जीन्स, दुकानांच्या काचा, पोटाची वळी चिमटीत धरणं. अशी तपासणी भीती कमी करत नाही, वाढवते. पाटली काढून ठेव असं मी लगेच सांगितलं नाही. आधी फक्त किती वेळा ते टिपायला सांगितलं. पहिल्या दिवशी 31 वेळा. तो आकडा बघून तिनं स्वतःच पाटली आत्याकडे दिली. वजनकाटाही घरातून गेला. वजन आहारतज्ज्ञांकडेच व्हायचं, काट्याकडे पाठ करून.

फेब्रुवारीत तिचे वडील आले. काढणीचे दिवस, तरी आले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. ते बोलता बोलता म्हणाले, "आता जेवू राहिली ना मॅडम, तब्येत बी बरी दिसू राहिली. मग कशाला यायचं इतक्या लांब?"

मृण्मयी तेव्हा पहिल्यांदा त्यांच्यासमोर बोलली. "अण्णा, बारीक होते तेव्हा तुम्ही रोज फोन करायचे. आता आठ-आठ दिवस करत नाही. आता सगळ्यांना वाटतं झाली बरी. मला आत अजून तसंच होतंय."

माझ्या मते या सगळ्या प्रश्नाच्या तळाशी हेच आहे. आजारी शरीर सगळ्यांना दिसत होतं. भरलेलं शरीर बघून घर निर्धास्त होतं, आणि नेमकं तेव्हाच मनातला गोंधळ सगळ्यात जास्त असतो. शरीर आधी सावरतं, शरीराबद्दलचं मन फार मागून. पोटाकडे बघून ती रडत होती त्यात "आता माझी काळजी कोण करणार" हेही होतं.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग बागेबद्दल बोलायला लागले. मला वाटलं, विषय टाळताहेत. "एप्रिलात खरड छाटणी करतो ना मॅडम, बागेकडं बघवत नाही. मग नुसता पाला येतो. नवखा माणूस म्हणतो, माल कुठाय? पण त्या दोन महिन्यांत काडीवरच्या डोळ्याच्या आत घड तयार होऊ राहतो. दिसत नाही. काडीत अन्नसाठा नसला तर ऑक्टोबरात कितीही छाटा, घड येत नाही." मुलीकडे न बघता ते म्हणाले, "मी बागेला वाट बघतो. हिला घाई करू राहिलो."

पाळीचंही असंच असतं, हे मी त्यांना समजावून सांगितलं. साठा अपुरा असला की शरीर ते काम बंद ठेवतं, आणि तोवर हाडंही झिजत राहतात. त्या पोटाभोवतीच्या चरबीकडे मृण्मयी त्या दिवशी निदान वेगळ्या नजरेनं बघू शकली. आवडली नाही, पण शत्रू वाटली नाही.

घरच्यांसाठी आम्ही थोडंच ठरवलं. तिच्या अंगाबद्दल कोणी बोलायचं नाही, कौतुकानंही नाही. पाहुण्यांना आत्या आधीच फोनवर सांगायची. उपवासाचं काय, हा प्रश्न आजीनं एका वाक्यात मिटवला: "आजारी माणसाला उपास नसतो, आणि देव काही भुकेला नाही तिच्या उपासाचा." अण्णांनी रोज रात्री फोन करायचा, पण "जेवलीस का" याच्यापलीकडचं काहीतरी बोलायला. पहिल्या दिवशी त्यांना सुचेना, तर त्यांनी तिला त्या दिवशीचा द्राक्षाचा भाव सांगितला.

कपड्यांचं काम सगळ्यात उशिरा आलं आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. न होणारे कपडे कपाटात असले की रोज सकाळी दार उघडताच आजार समोर उभा. तिनं ते खोक्यात भरले, फेकले नाहीत. दोन सैल कुर्ते, इलॅस्टिकची सलवार, एवढ्यावर ती दोन महिने राहिली. कंबर न काचणारे कपडे असले की पोटाची आठवण दिवसभर कमी येते, इतकी साधी गोष्ट आहे ही.

रंगपंचमीला ती पंचवटीत रहाड (उड्या मारायचा रंगाच्या पाण्याचा हौद) बघायला गेली होती. ओले कपडे अंगाला चिकटतील म्हणून उडी मारली नाही, काठावरून बघितलं. पुढच्या वर्षी बघू, म्हणाली. मार्चअखेर पाळी आली. आनंद झाला आणि त्याच रात्री भीतीनं जेवण अर्धं टाकलं. दुसऱ्या दिवशी नाश्ता मात्र पूर्ण केला. सावरणं असंच पुढंमागं होत चालतं.

वाचताना कुणाला आपलं कुणी आठवलं असेल तर फार बारीक होण्याची वाट बघू नका. हा आजार कुठल्याही वजनात असतो, मुलग्यांनाही होतो. कुठून सुरुवात करायची ते कळत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

वैशाखात मृण्मयीच्या मामेबहिणीचं लग्न आहे. तो संक्रांतीचा ब्लाउज घेऊन ती शिवणाऱ्या मावशींकडे गेली. त्यांनी तो उलटा करून बघितला आणि म्हणाल्या, आत माया आहे, उसवून देते, होऊन जाईल. मृण्मयीनं थोडा विचार केला आणि तो तिथंच ठेवून नवीन कापड दिलं. मापं घेताना भिंतीकडे बघत उभी राहिली, आकडे मोठ्यानं म्हणू नका असं मावशींना सांगितलं. निघताना परत वळून म्हणाली, "आणि मावशी, याच्यातही माया जरा जास्त ठेवा."

मंगळवारी आम्ही पुन्हा भेटतोय. लग्नात फोटो कोणी काढायला लागलं तर काय करायचं, हे तिला बोलायचंय.