फाटकाबाहेरची वस्ती : ख्रिस्ती मंडळ्यांचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न : आमचं भक्तिगृह जुन्या पेठेत आहे. पूर्वी सभासद आसपासच राहायचे. आता बहुतेक जण उपनगरांत गेले आणि रविवारी गाड्यांवरून येतात. भोवतालच्या वस्तीत आम्हांला कोणी ओळखत नाही, आम्हीही कोणाला ओळखत नाही. सुरुवात कुठून करावी? (चर्चचे एक पाळक, अहिल्यानगर)

पाळकसाहेब, तुमच्या शहरात 1831 पासून अमेरिकन मराठी मिशनचं, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांचं, काम चाललं आणि त्या कामासोबत मिशन कंपाउंड आलं. शाळा, दवाखाना, शिक्षकांची घरं, सगळं एका आवारात. घरच्यांनी, जातीने टाकलेल्या माणसांना तिथे आधार मिळाला, याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण शेजारच्या गल्लीत सहज जाऊन बसण्याची सवय आपल्याला फारशी लागली नाही, असं मला वाटतं. आता सभासदही लांब गेले, म्हणून ते जास्त जाणवतं.

बायबलमधल्या नहेम्याची गोष्ट तुम्ही कितीदा तरी सांगितली असेल. यरुशलेमेला पोचल्यावर तो तीन दिवस गप्प राहिला, मग मोजकी माणसं घेऊन रात्री पडक्या तटाची पाहणी करून आला. बांधायची गोष्ट त्याने त्यानंतर काढली. तुमच्या पास्टरेट कमिटीनेही, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांनीही, महिनाभर काहीही वाटू नये, कसलीही घोषणा करू नये. दोघादोघांनी नुसतं फिरावं, आणि तेही वेगवेगळ्या वेळी : एकदा नळाला पाणी येतं तेव्हा, एकदा शाळा सुटताना, एकदा रात्री नऊनंतर. अंगणवाडी सेविका, आशाताई, पिठाच्या गिरणीवाले, किराणा दुकानदार, रिक्षा स्टँडवरची मुलं यांच्याशी बोलावं. कुठल्या घरात बाळंतीण आहे, कोणाचं औषध सुटलंय, कोणता म्हातारा एकटा आहे, हे त्यांना ठाऊक असतं.

मात्र ‘तुमच्या गरजा काय?’ असं विचारू नका. या प्रश्नाने माणूस एकदम मागणारा होतो आणि तुम्ही देणारे. ‘रात्री कोणी आजारी पडलं तर इथे कोणाला हाक मारतात?’ असं विचारा. त्या उत्तरातून वस्तीतली भरवशाची माणसं कळतात. पुढचं काम त्यांच्याबरोबर करायचं आहे.

हे मी चूक करून शिकलो. आमच्या मंडळीने एकदा चार शिलाई मशिनं घेऊन सकाळी दहाचा शिवणवर्ग काढला. पंधरा दिवसांत दोनच बायका आल्या. ‘यांना शिकायचंच नाही’ असं आम्ही ठरवूनही टाकलं. मग गिरणीवाल्या काकांनी सांगितलं, की त्या वस्तीत दिवसाआड दहा वाजता पाणी येतं आणि बाकीच्या बायका दुपारपर्यंत धुण्याभांड्याच्या कामावर असतात. वर्ग तीन वाजता ठेवला, तर मशिनं कमी पडली.

प्रश्न : आमचं महिला मंडळ दर नाताळात गरिबांना ब्लँकेटं वाटतं. लोक येतात, घेतात आणि जातात. ओळख काही होत नाही. काय बदलावं? (महिला मंडळाच्या सेक्रेटरी, सोलापूर)

ताई, ब्लँकेटं बंद करा असं मी म्हणणार नाही, थंडी खरी असते. पण रांगेत ओळख होत नाही. ओळख होते ती एकाच माणसासाठी पाच खेपा घातल्यावर.

तुमच्या आसपास एखादी विधवा असेल, जिला संजय गांधी निराधार योजनेचे महिना 1,500 रुपये मिळू शकतात, पण मिळत नाहीत. 65 वर्षांवरच्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे. अर्ज तहसील कार्यालयात जातो. उत्पन्नाचा दाखला लागतो, त्याची वर्षाची मर्यादा 21,000 रुपये आहे. पतीच्या मृत्यूचा दाखला लागतो, आधार बँक खात्याला जोडलेलं लागतं, पुढे दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. लिहिता-वाचता न येणारी बाई यातल्या पहिल्याच खिडकीवरून परत फिरते. तुमच्या मंडळात निवृत्त शिक्षिका असतील, तलाठी कार्यालयाची माहिती असलेल्या कोणी असतील. दोघींनी एका बाईबरोबर जायचं, बाकावर तिच्याशेजारी बसायचं, तिचा डबा खायचा, आपला तिला द्यायचा. वर्षात सहा जणींचं काम झालं तरी शंभर ब्लँकेटांपेक्षा ते मला मोठं वाटेल. आणि त्या सहा जणी तुम्हांला बाजारात नावाने हाक मारतील.

एक कळकळीची विनंती : घेणाऱ्याचा फोटो काढू नका. मंडळीच्या अहवालासाठीसुद्धा नको.

प्रश्न : वस्तीत मदतीला गेलं की ‘धर्मांतराला आले’ असं बोललं जातं. आमच्या तरुण संघातली मुलं नाउमेद झाली आहेत. (एक तरुण, नाशिक)

बाळा, मन दुखतं ते समजतं. पण शेजाऱ्याची शंकाही समजून घे. त्याने तुम्हांला कधी पाहिलेलंच नाही, आणि अचानक तुम्ही शिध्याच्या पिशव्या घेऊन दारात उभे. मलाही शंका आली असती.

मदतीला कसलीही अट नको, उघड नको आणि आडूनही नको. पिशवीत धर्मप्रचाराची पत्रिका नको. औषध देताना प्रार्थनेची सक्ती नको. कोणी आपणहून श्रद्धेबद्दल विचारलं, तर सरळ, न लाजता सांगावं. येशूच्या दृष्टांतातल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेवरच्या जखमी माणसाला तू कोण, कुठला, हे विचारलं नव्हतं आणि पुढे काय होशील, हेही नाही.

दुसरं, एकटे जाऊ नका. वसईत 1980च्या दशकाच्या अखेरीपासून पाणी आणि हिरवाई वाचवण्याचं आंदोलन उभं राहिलं. त्यात कॅथलिक धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते. पण विहिरी आटल्या तर त्या साऱ्या गावाच्या आटणार होत्या, म्हणून ती लढाई एकट्या चर्चची राहिली नाही. तुमच्या वस्तीतही असं सामायिक काहीतरी असेल : तुंबलेलं गटार, शाळेजवळचा वेगात धावणारा रस्ता, रक्ताचा तुटवडा. गणेश मंडळ, बुद्धविहार, मशिदीची कमिटी यांच्याकडे जा आणि ‘तुमच्या कामात आमचे दहा हात घ्या’ असं म्हणा. बॅनरवर आपलं नाव नसलं तरी चालेल.

प्रश्न : आमची पंचवीस कुटुंबांची मंडळी, पैसा नाही. आम्ही काय करणार? (सभासद, जालना)

तुमचा हॉल आठवड्यात सहा दिवस बंद असतो ना? दहावी-बारावीच्या दिवसांत संध्याकाळी सात ते दहा तो अभ्यासिकेसाठी उघडा. एका खोलीत सहा माणसं राहणाऱ्या घरातल्या मुलीला पंखा, दिवा आणि शांतता मिळाली, तर ते फार मोठं देणं आहे. मुलामुलींची जबाबदारी कायम दोन प्रौढांवर असावी, दार उघडं असावं आणि पालकांना वेळ ठाऊक असावी. यात सवलत नको.

प्रश्न : शेजारच्या सोसायटीने आमच्या स्पीकरबद्दल आणि रविवारच्या गाड्यांबद्दल तक्रार केली. कमिटीत काही जण चिडले आहेत. उत्तर कसं द्यावं? (कमिटी सभासद, पुणे)

लेखी उत्तर देऊ नका, भेटायला जा. निवासी भागात दिवसा आवाजाची मर्यादा 55 डेसिबल आहे, रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. आपण त्यात बसतो का, ते आधी स्वतः मोजा. मग त्यांच्या घरात, खिडकीपाशी उभं राहून आपली उपासना ऐका. गाड्यांसाठी दोन तरुण फाटकावर ठेवा आणि त्यांचा फोन नंबर सोसायटीच्या वॉचमनकडे द्या. शेजाऱ्यांशी ओळख नाही म्हणून इतर मंडळ्या झुरतात. तुमचे शेजारी तर स्वतःहून बोलायला आले आहेत. या रविवारीच उपासनेनंतर जा.